लांबी भरण्याआधी

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कोकण किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढल्या जातात आणि त्यांची आउटबोर्ड इंजिनंही खाली उतरतात. पंख्याच्या पुढे, गिअरकेसवर, रंगाला कुठेतरी फुगा आलेला असतो. नखाने खरवडला की ओलसर पांढरी भुकटी निघते आणि तिच्याखाली मुगाच्या दाण्याएवढा खड्डा दिसतो. ‘अॅल्युमिनियम गंजत नाही’ ही समजूत तिथेच मोडते.

तांबडा गंज त्याला चढत नाही, एवढंच खरं. हवेमुळे अॅल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तोच धातूला राखतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले क्लोराइड हा पापुद्रा कच्चा सापडेल तिथे फोडतात. मग विरघळलेल्या अॅल्युमिनियमपासून खड्ड्यातच आम्ल तयार होतं, ते आणखी धातू खातं आणि बाहेरचे क्लोराइड आत ओढले जातात. किडलेल्या दाढेसारखं, तोंड बारीक आणि पोकळी मोठी.

म्हणूनच ‘लांबी भरली, रंग मारला, काम झालं’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. आत मीठ राहिलं तर भरावाखाली क्षरण चालूच राहतं आणि एक दिवस अख्खी लांबी टोपीसारखी निघून हातात येते. दुरुस्तीतला बराचसा वेळ भरण्यात जात नाही, साफ करण्यात जातो. आधी तेल-ग्रीस पुसायचं, मग खड्ड्याचं तोंड रुंद करून सगळीकडून चकचकीत धातू लागेपर्यंत कोरायचं. लोखंडी तारेचा ब्रश वापरायचा नाही, कारण त्याचे कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच नवे खड्डे पडतात. त्यानंतर गोड्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन पूर्ण वाळवायचं. अॅल्युमिनियमची पूड घातलेली दोन भागांची इपॉक्सी त्याच दिवशी भरायची. पहिला हात पातळ, धातूवर दाबून घासत द्यायचा, म्हणजे कोपऱ्यात हवा अडकत नाही. मग इपॉक्सी प्रायमर आणि शेवटी रंग.

सील, बेअरिंग किंवा ओ-रिंग बसते त्या जागी खड्डा असेल तर मात्र नुसत्या भरावावर विसंबू नये. गिअर तेल दुधाळ दिसलं, तर पाणी आत शिरलंच म्हणून समजावं.

‘मग वेल्डिंग करून टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, त्याचा ऑक्साइड मात्र २,००० अंशांच्याही वर. त्यामुळे हे काम एसी करंटवरच्या टिग वेल्डिंगने करतात; त्याने ऑक्साइडचा थर फुटत जातो. जुन्या ओतकामाच्या छिद्रांत मुरलेलं तेल आणि मीठ तापलं की वेल्डमध्ये बुडबुडे धरतात. शिवाय उष्णतेने सीलची बैठक वाकडी होऊ शकते, ती पुन्हा यंत्रावर कातून घ्यावी लागते. गिअरकेसच्या तळाशी असलेल्या तुटलेल्या तळपात्याला (स्केगला) वेल्ड छान लागतो. पसरलेल्या बारीक खड्ड्यांना इपॉक्सीच बरी.

खड्डा पडला कशामुळे, हा प्रश्न तरीही उरतोच. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस पंखा आणि अॅल्युमिनियमचं गिअरकेस एकमेकांना जोडलेले असले की बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. त्याच्याऐवजी झिजावा म्हणून जस्ताचा किंवा खास अॅल्युमिनियम मिश्रधातूचा ठोकळा लावतात. ही युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून वाचवला. तांबं झिजायचं थांबलं, पण त्यामुळे पाण्यात तांबं उतरेनासं झालं आणि तळावर शिंपले-शेवाळ साचू लागलं. शिंपल्यांना दूर ठेवणारं तेच तांबं आजच्या अनेक तळरंगांत असतं. म्हणून ‘होडीचा उरलेला रंग गिअरकेसलाही चालतो’ ही समजूत घातक ठरते. अॅल्युमिनियमवर तांबेयुक्त रंग म्हणजे क्षरणाला आमंत्रणच.

ठोकळ्याबद्दलचा समज तर नेमका उलटा असतो. दोन हंगामांनंतरही नव्यासारखा राहिलेला ठोकळा पाहून मालक खूश होतो. खरं तर तो कामच करत नसतो: कुणीतरी त्यावर रंग मारलेला असतो, नाहीतर त्याच्या बैठकीखाली क्षरणाचा थर असतो. मल्टिमीटरची एक पिन ठोकळ्यावर आणि दुसरी गिअरकेसच्या उघड्या धातूवर टेकवली, की रोध शून्याच्या जवळ दिसायला हवा. तसा दिसला नाही, तर ठोकळा काढून बैठक घासायची, बोल्ट पुन्हा आवळायचे आणि मीटर परत लावायचा. निम्मा झिजला असेल तर सरळ नवा बसवायचा.