आकाशवाट आणि पायवाट

रमजान महिन्याचे छापील वेळापत्रक तुम्ही पाहिले असेल. एकाच दिवशी नागपूरला इफ्तारची वेळ मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी होते. घड्याळे दोन्हीकडे सारखीच चालतात, मग असे का? कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. नागपूर पूर्वेला आहे, म्हणून तेथे सूर्य आधी मावळतो. एवढे लक्षात ठेवले, की परदेशप्रवासातले निम्मे कोडे सुटते. चला, आज आपण मुंबईहून इंग्लंडला जाऊ. आधी आकाशातून आणि मग पायी!

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. आता ८२.५ ला ४ ने गुणा. उत्तर ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास येते. लंडनमधील ग्रिनिचच्या वेळेपेक्षा आपली वेळ इतकी पुढे असते. उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो.

समजा, जानेवारीत तुमचे विमान मुंबईहून रात्री दोन वाजता निघाले आणि त्याला दहा तास लागले. मुंबईत दुपारचे बारा वाजलेले असतील. पण लंडनमध्ये सकाळचे साडेसहाच! बाहेर अजून अंधार असेल. तुम्ही पश्चिमेकडे जात होतात, म्हणून तुमची रात्र लांबली.

विमान जमिनीपासून सुमारे दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते. तेथे बाहेरचे तापमान शून्याखाली ५० अंशांच्या आसपास असते आणि हवा अतिशय विरळ असते. म्हणून विमानात यंत्राने हवेचा दाब वाढवावा लागतो. आतली हवा मात्र कोरडी असते. ओठ सुकतात, घसा कोरडा पडतो. अशा वेळी थोडे थोडे पाणी पीत राहावे. तासन्तास एका जागी बसल्याने पाय सुजतात. कधीकधी पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचाही धोका असतो. म्हणून मधूनमधून उठून चार पावले चालावे, बसल्या जागीही पावले हलवावीत.

उतरल्यावर हातातील घड्याळ क्षणात लावता येते. शरीराचे घड्याळ मात्र तसे लागत नाही. दिवसा झोप येते, पहाटे तीनलाच डोळे उघडतात. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे दिवसाचा उजेड. उजेड पाहून शरीर नवी वेळ हळूहळू शिकते. म्हणून पहिल्या दिवशी खोलीत पडून न राहता बाहेर पडावे, मोकळ्या हवेत चालावे.

आणि चालण्यासाठी इंग्लंडसारखा देश शोधून सापडणार नाही. आपल्याकडे शेतांतून पाणंद जाते, बांधावरून पायवाट जाते. तेथेही तशाच वाटा आहेत. पण त्यांवर चालण्याचा सर्वांचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहे. नकाशात त्या दाखवलेल्या असतात. वाटेवरच्या खांबावर पिवळा बाण असला, तर ती पायी चालणाऱ्यांची वाट समजावी. निळा बाण असलेल्या वाटेवरून घोडा आणि सायकलही नेता येते. वाट कोणाच्या शेतातून, मेंढ्यांच्या कुरणातून गेली, तरी कोणी अडवत नाही.

पण हे सारे सहज मिळाले, असे मात्र समजू नका. डर्बीशायर परगण्यात किंडर स्काउट नावाचे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. त्याच्या एका बाजूला मँचेस्टर, तर दुसऱ्या बाजूला शेफील्ड ही कारखान्यांची शहरे. आठवडाभर धुरात राबणारे कामगार सुट्टीच्या दिवशी डोंगराची हवा खायला निघत. पण डोंगर जमीनदारांचे! त्यांनी ते पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते आणि पहारेकरी नेमले होते.

२४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण एकत्र येऊन किंडर स्काउटवर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. पहारेकऱ्यांशी झटापट झाली. बेनीसह पाच जणांना तुरुंगात जावे लागले. डोंगरावर चालल्याबद्दल तुरुंग! ही बातमी ऐकून लोक हळहळले आणि चालणाऱ्यांच्या बाजूने बोलू लागले.

पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ मध्ये किंडर स्काउटचा परिसर ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. १९६५ मध्ये तेथूनच, एडेल या खेड्यातून, स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी सुमारे ४३० किलोमीटरची पेनाइन वाट खुली झाली. २००० सालच्या कायद्याने डोंगर आणि माळरानांवर मोकळेपणी हिंडण्याचा हक्क मिळाला. २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, त्या जमिनीच्या मालकाच्या नातवाने सर्वांसमोर क्षमा मागितली.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. कुरणाचे फाटक उघडले, तर ते पुन्हा लावून घ्यावे, नाहीतर शेतकऱ्याच्या मेंढ्या बाहेर जातील. पीक तुडवू नये, कचरा टाकू नये. हे नियम काही परदेशासाठीच नाहीत. आपल्या गावाच्या बांधावरून जातानाही ते पाळता येतात.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही दूरदेशी जाल. विमान तुम्हाला एका रात्रीत तेथे पोहोचवील. पण त्या देशाची आणि माणसांची ओळख पायी चालल्यावरच होईल. आणि एखाद्या साध्या पायवाटेवर पाऊल ठेवाल, तेव्हा ती खुली राहावी म्हणून तुरुंगात गेलेल्यांची जरूर आठवण करा.