शांघायच्या आयी

कोणी कामं आवरून बसली असेल, कोणी भाजी निवडता निवडता ऐकत असेल. आज मी तुम्हाला चीनमधल्या शांघाय शहराबद्दल सांगणार आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे चार वर्षं राहिलो. टीव्हीवर शांघाय दाखवतात तेव्हा ह्वांगफू नदीच्या काठचे उंच उंच मनोरे दिसतात. त्यातला सगळ्यात उंच ६३२ मीटरचा आहे. पण त्या मनोऱ्यांच्या खाली रांधतं कोण, लेकरं सांभाळतं कोण, फरशी पुसतं कोण, हे टीव्हीवर दिसत नाही. ते मला जवळून बघायला मिळालं. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

आधी शहर किती मोठं ते सांगते. २०२० च्या जनगणनेत शांघायची लोकसंख्या २ कोटी ४८ लाखांच्या वर होती. त्यातले १ कोटीहून जास्त लोक बाहेरगावचे, म्हणजे दर पाच माणसांत दोन माणसं दुसऱ्या प्रांतातून पोट भरायला आलेली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळ लवकर सुरू होते. गल्लीच्या तोंडाशी वाफा निघत असतात. बांबूच्या टोपल्यांत वाफवलेले, आत सारण भरलेले बाओझी, तेलात तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या आणि सोयाबीनचं गरम दूध, हा तिथला नाश्ता. आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीन पिकतं ते बहुतेक तेलाला आणि पेंडीला जातं. तिकडे त्याचं दूध, पनीरासारखं टोफू, त्याचेही दहा प्रकार रोजच्या जेवणात असतात. आम्ही मांस न खाणारी माणसं, आम्हाला या टोफूने तारलं.

भाजीबाजारात मी रोज जायची. पालेभाज्या इतक्या प्रकारच्या की नावं पाठ होईनात. माप असतं जिन. एक जिन म्हणजे अर्धा किलो. भाषा येत नसली तरी अडत नाही, कारण तिथे एकाच हाताच्या बोटांनी एक ते दहा आकडे दाखवतात. अंगठा आणि करंगळी ताठ केली की सहा, अंगठा आणि तर्जनी ताणली की आठ. पैसे फोनवरून द्यायचे. कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या म्हातारीच्याही गळ्यात, नाहीतर तराजूला, तो चौकटीचा कागद अडकवलेला असतो. आता आपल्या आठवडी बाजारातही हे दिसतं, त्यामुळे तुम्हाला नवल वाटणार नाही.

काही गोष्टी तर अगदी घरच्यासारख्या. जुन्या गल्ल्यांत खिडकीबाहेर बांबू काढून त्यावर कपडे वाळत घालतात. ऊन पडलं की रजया बाहेर येतात. नळाचं पाणी कोणी तसंच पीत नाही, उकळूनच पितात. आणि तब्येतीची काहीही तक्रार सांगा, पहिलं उत्तर ठरलेलं: गरम पाणी पी. रेल्वेच्या डब्यातसुद्धा उकळत्या पाण्याचा नळ असतो.

कचऱ्याचं सांगण्यासारखं आहे. १ जुलै २०१९ पासून शांघायमध्ये कचरा चार भागांत वेगळा करायचा कायदा आला: ओला, सुका, घातक आणि पुन्हा वापरता येणारा. न केल्यास माणसाला ५० ते २०० युआन दंड. एक युआन म्हणजे साधारण १२ रुपये. बऱ्याच सोसायट्यांमध्ये कचरा टाकायच्या वेळा ठरल्या, सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ. डब्यांपाशी निवृत्त झालेल्या बायका उभ्या राहायच्या. ओल्या कचऱ्याची पिशवी सोडून आतला कचरा डब्यात ओतायचा आणि पिशवी वेगळी टाकायची. लोक आधी फार गोंधळले. कोंबडीचं हाड ओल्यात, पण डुकराचं मोठं हाड सुक्यात. मग लोकांनीच एक युक्ती काढली. डुक्कर जे खाईल ते ओलं, डुक्करही खाणार नाही ते सुकं, जे खाऊन डुक्कर मरेल ते घातक आणि जे विकून डुक्कर विकत घेता येईल ते पुन्हा वापरायचं. सरकारी पत्रकापेक्षा हे सगळ्यांच्या लवकर ध्यानात राहिलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. शांघायमध्ये घरकाम करणाऱ्या बाईला ‘आयी’ म्हणतात. शब्द कानाला आपल्या आईसारखा लागतो, पण अर्थ आहे मावशी, आईची बहीण. आपणही घरकामाच्या बाईंना मावशीच म्हणतो ना? मला पहिल्या आठवड्यात हा शब्द कळला आणि बरं वाटलं.

आमच्याकडे येणाऱ्या आयी आन्हुई प्रांतातल्या एका खेड्यातून आलेल्या. आन्हुईच्या बायका घरकामासाठी कित्येक वर्षांपासून मोठ्या शहरांत जातात. या आयी दिवसभरात चार घरांत जायच्या. आमच्या भागात तासाला ४० युआनच्या आसपास मिळायचे. खोली त्यांनी गावाकडच्या दोघींबरोबर मिळून घेतली होती. त्यांचा नवरा बांधकामावर, बहुतेक दुसऱ्याच शहरात. मुलगा गावी आजीजवळ. रोज रात्री आठ वाजता त्या फोनवर मुलाचा अभ्यास घ्यायच्या. वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावायच्या आणि म्हणायच्या, नीट धर, मला अक्षर दिसत नाही.

याच कामातली सगळ्यात मानाची जागा ‘युएसाओ’ची. शब्दाचा अर्थ ‘महिन्याची वहिनी’. बाळंतीण झाली की तिकडेही बाई महिनाभर बसते. गार पाण्याला हात लावायचा नाही, वारं लागू द्यायचं नाही, गरम सूप प्यायचं, गुळासारखी लाल साखर घातलेलं पाणी प्यायचं. आपला शेक-शेगडीचा सव्वा महिना आठवला की नाही? आपल्याकडे हे काम आई करते, सासू करते, गावातली जाणती बाई करते. शांघायमध्ये त्यासाठी युएसाओ ठेवतात. ती प्रशिक्षण घेते, प्रमाणपत्र घेते आणि एका महिन्याचे दहा हजार युआनहून जास्त घेते. म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या घरात. बऱ्याच जणी खेड्यातल्याच. जे काम त्या गावात वर्षानुवर्षं फुकट करत आल्या, त्याला शहरात असा भाव मिळाला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपण आपल्या हातातल्या कामाला काम म्हणतच नाही.

मग तुम्ही विचाराल, एवढे पैसे मिळतात तर आयीने मुलाला शांघायला का आणलं नाही?

त्याचं उत्तर एका लहानशा तपकिरी पुस्तिकेत आहे. तिला म्हणतात ‘हुकोऊ’. ही कुटुंबाची नोंद. आपल्याकडे रेशन कार्ड असतं तशी दिसते, पण तिची ताकद फार मोठी. समजा, तुमचं रेशन, मुलांची शाळा, दवाखान्यातली सवलत, म्हातारपणाची पेन्शन हे सगळं एकाच कागदाला बांधलं आणि तो कागद तुमच्या आईवडिलांच्या गावाला बांधला, तर काय होईल? तसंच हे आहे. १९५८ साली चीनमध्ये हा कायदा झाला. खेड्यातली माणसं खेड्यातच राहावीत, शहरात गर्दी होऊ नये, शहराला धान्य पुरावं, हा त्यामागचा विचार होता. तेव्हा शहरात धान्य कूपनावर मिळायचं आणि कूपन शहराच्या नोंदीवर. पुढे कारखाने वाढले, कामाला माणसं हवी झाली, तेव्हा येण्या-जाण्यावरची बंधनं सैल झाली. माणसं शहरात आली, पण त्यांची नोंद गावातच राहिली. अलीकडे लहान शहरांनी आपली दारं बरीच उघडली आहेत. शांघाय, बीजिंगसारख्या मोठ्या शहरांत मात्र नोंद मिळणं अजून फार अवघड आहे.

शांघायमध्ये गुणांची पद्धत आहे. शिक्षणाचे गुण, वयाचे गुण, सामाजिक विम्याचे हप्ते किती वर्षं भरले त्याचे गुण. १२० गुण झाले तर मुलांना पुढच्या मोठ्या परीक्षा शांघायमध्ये देता येतात. आता घराघरांत सुटी कामं करणाऱ्या बाईचा विम्याचा हप्ता कोण भरणार? शाळा कमी झालेली, तर शिक्षणाचे गुण कुठून येणार? कागदपत्रं नीट असली तर मूल नववीपर्यंत शांघायच्या शाळेत बसू शकतं. पण पुढच्या शिक्षणासाठी, कॉलेजच्या प्रवेश परीक्षेसाठी त्याला नोंद असलेल्या प्रांतात परत जावं लागतं. म्हणजे पंधराव्या वर्षी आईपासून दूर, ओळख नसलेल्या शाळेत. त्यापेक्षा आधीपासून आजीजवळच राहू दे, असं बऱ्याच जणी ठरवतात.

अशा मुलांना तिकडे ‘मागे राहिलेली मुलं’ म्हणतात. २०१६ साली सरकारने मोजणी केली तेव्हा खेड्यांत अशी ९० लाख मुलं निघाली. आई आणि वडील दोघंही बाहेर, किंवा एक बाहेर आणि दुसऱ्याला सांभाळणं जमत नाही, एवढीच मुलं यात धरली होती.

मी परदेशी होते. तिथे पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलीस चौकीत नोंद करावी लागली. पण कोणी मला कमी लेखलं नाही. उलट मी महाराष्ट्राची म्हटल्यावर एक वयस्कर शेजारी डॉक्टर कोटणीसांबद्दल बोलायचे. आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनच्या सैनिकांवर उपचार करायला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांची आठवण तिकडे अजून काढतात. मात्र आयींना दुकानात, बसमध्ये कधी कधी ‘वायतीरेन’ असं तुच्छतेने म्हटलेलं मी ऐकलं. त्याचा अर्थ बाहेरगावचे. स्वतःच्या देशात, स्वतःची भाषा बोलत असून त्या बाहेरच्या.

संध्याकाळी जेवणं झाली की शहर वेगळंच दिसतं. चौकात, बागेत, मोठ्या दुकानांसमोर स्पीकर लावून पन्नाशी-साठीच्या बायका रांगेत नाचतात. पंखे घेऊन, ओढण्या घेऊन, तासभर. कोणाची लाज नाही, संकोच नाही. आवाजाच्या तक्रारीही होतात. २०२२ साली लागू झालेल्या कायद्यात अशा कार्यक्रमांच्या वेळेचे आणि आवाजाचे नियम आले. या बायकांना वेळ कसा मिळतो? कारण कारखान्यात काम करणाऱ्या बाईला ५० व्या वर्षी निवृत्ती आणि पेन्शन मिळत होती. कार्यालयातल्या बाईला ५५ व्या आणि पुरुषाला ६० व्या वर्षी. २०२५ पासून ही वयं हळूहळू ५५, ५८ आणि ६३ वर नेत आहेत. पण इथेही नोंदीचा फरक आहेच. शहरात नोकरी केलेल्या बाईला महिन्याला काही हजार युआन पेन्शन, तर खेड्यातल्या म्हातारीला बहुतेक ठिकाणी एक-दोनशे युआन. आमच्या आयी त्या नाचणाऱ्यांच्या शेजारून सायकलवर जायच्या, चौथ्या घरची भांडी राहिलेली असायची. मी एकदा म्हटलं, तुम्ही का नाही नाचत? त्या हसून म्हणाल्या, गावी गेले की नाचते.

गावी जायचं वर्षातून एकदा, वसंताच्या सणाला. चिनी नवं वर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्याआधी रेल्वे स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. हातात भेटवस्तूंचे खोके, पाठीवर गाठोडी. आणि मग शांघाय रिकामं होतं. नाश्त्याच्या टपऱ्या बंद, भाजीवाल्यांचे गाळे बंद, घरपोच सामान आणणारी मुलं गावी, आयी गावी. मनोरे तसेच उभे, पण गरम दुधाचा पेला मिळत नाही. शहर कोणाच्या हातांवर चालतं हे त्या आठ-दहा दिवसांत लहान मुलालाही कळतं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे हुकोऊ नाही. आपल्याला देशात कुठेही जाऊन राहता येतं, मुलाला कुठल्याही गावच्या शाळेत घालता येतं, रेशन कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं. हे हक्क कागदावर आहेत. पण ऊसतोडीला, वीटभट्टीला, शहरात घरकामाला आपल्या गावातून ज्या बायका जातात, त्यांच्या पदरात ते पडतात का? गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. बाहेर कामाला गेलेल्या घरांची यादी काढा. कोणाचं मूल मागे राहिलं आहे, त्याची शाळा चालू आहे का, त्याच्याजवळची आजी हिंडती-फिरती आहे का, हे विचारा. जाणाऱ्या बाईला सांगा की रेशन कार्ड आधारला जोडलेलं असेल तर तिकडच्या दुकानात धान्य मिळतं. मुलाला सोबत नेणार असेल तर शाळेचे कागद बरोबर घ्यायला सांगा.

आणि बाळंतिणीची, आजाऱ्याची, म्हाताऱ्याची सेवा करणाऱ्या बायका तुमच्या गटात असतील, तर त्यांच्या कामाचा मोबदला किती असावा, यावरही मोकळेपणी बोला. शांघायच्या आयींनी आपला दर स्वतः ठरवला होता. तासाचे पैसे कमी सांगितले तर त्या चपला घालून सरळ निघायच्या.