चमक गेली, पण कशाने?

कबड्डी खेळताना पाठीत चमक भरली की आपल्या वर्ध्याकडे आजही कुणीतरी पायाळू माणूस शोधतं. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्याने पाठीला पाय लावला की चमक जाते, असा समज. कायरोप्रॅक्टिक ही वेगळी पद्धत. डी. डी. पामर यांनी ती १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू केली. त्यात मणक्याच्या सांध्याला हाताने नेमका झटका देतात.

दोन्हीकडे खेळाडू म्हणतो, "बरं वाटलं." संशोधक म्हणून तुम्ही इथे थांबायचं. साधी पाठदुखी बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप कमी होते. शिवाय आपण उपचाराला जातो तेच दुखणं टोकाला असताना. पुढे उतार पडायचाच. म्हणून तुलनेचा गट हवा, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायला हवं.

ब्रिटनमध्ये पाठदुखीच्या १३३४ रुग्णांवर असा अभ्यास झाला. निष्कर्ष २००४ मध्ये आले. अशा हाताच्या उपचाराचा फायदा ३ महिन्यांनी लहान ते मध्यम होता, वर्षभराने लहानच. पण हा आकडा पाठदुखीचा आहे. मुरगळलेल्या घोट्याला तो लावू नका.

सेवाग्राम किंवा सावंगीत असा विषय घेणार असाल, तर कुणाला वगळायचं ते आधी लिहा: पाय बधिर होणं, ताकद जाणं, लघवी अडकणं, हाड मोडल्याची शंका. असा खेळाडू अभ्यासात घ्यायचा नाही. त्याला लगेच अस्थिरोग विभागात पाठवायचं.