गुडघा आणि पायडल

आम्हां डॉक्टरांच्या तोंडी ‘सायकल चालवा’ हा सल्ला फार स्वस्त झाला आहे. वजन वाढले, साखर वाढली, गुडघ्यातील कूर्चा झिजू लागली की आम्ही तो देऊन मोकळे होतो. सल्ला चुकीचा नाही. चालताना गुडघ्यावर येणारा शरीराचा भार सायकलवर बराचसा सीट उचलते, म्हणूनच झीज झालेल्यांना सायकल मानवते. परंतु तोच रुग्ण तीन महिन्यांनी “सायकलने गुडघे धरले” म्हणून परत येतो, आपण त्याला सायकल बंद करावयास सांगतो, आणि साठीतील एक मनुष्य व्यायामाला कायमचा पारखा होतो. अशा रुग्णांना मी अलीकडे एक्स-रेच्या आधी एक प्रश्न विचारतो : पाऊल कशावर ठेवता?

आपल्या हैदराबादेत हा प्रश्न आता हौशी तरुणांपुरता राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी आउटर रिंग रोडलगत सौरछताखालील २३ किलोमीटरचा सायकलमार्ग सुरू झाला. त्याची एक शाखा नानकरामगुड्याहून पोलीस अकादमीकडे व दुसरी नार्सिंगीहून कोल्लूरकडे जाते. तेवढे अंतर ताशी १५ किलोमीटरच्या बेताच्या वेगाने कापावयाचे म्हटले तरी दीड तास लागतो. मिनिटाला ७० फेरे धरले, तर एक गुडघा तेवढ्या वेळात सहा हजारांहून अधिक वेळा वाकतो व सरळ होतो. पाऊल दोन-तीन अंश वाकडे बसले असेल, तर तो वाकडेपणाही तितक्याच वेळा गुडघ्याला सोसावा लागतो.

गुडघा ही दाराची साधी बिजागरी नव्हे, हे डॉक्टर वाचकांस सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की, गुडघा वाकताना व सरळ होताना नडगीचे हाड स्वतःभोवती किंचित वळते. पावलाला पायडलवर थोडे फिरण्याची मुभा असेल, तर हे वळणे सहज होते. ती नसेल तर पीळ वर चढतो आणि गुडघ्याच्या बाजूचे स्नायुबंध कुरकुरू लागतात. शिवाय प्रत्येकाचे पाऊल वेगळे. कोणी चवडे बाहेर टाकून चालतो, कोणी सरळ.

काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांत वाढलेल्या आपल्या मागच्या पिढीला ही अडचण ठाऊक नव्हती. काळ्या, उंच सायकलीच्या रबरी ठोकळ्यांच्या पायडलवर चप्पल घातलेला पाय जसा पडेल तसा पडे आणि गुडघा आपला कोन आपणच शोधून घेई. शर्यतीच्या सायकलींनी मात्र पाऊल बांधले. प्रथम रिकिबीसारखे वाद्यांचे पिंजरे होते. १९८४ मध्ये बर्फावरील स्कीचे बूट अडकविण्याची साधने बनविणाऱ्या ‘लूक’ या फ्रेंच कंपनीने बुटाच्या तळाला क्लीट, म्हणजे खाचपट्टी, लावून ती पायडलमध्ये खटकन अडकविण्याची युक्ती आणली. पुढल्याच वर्षी बर्नार इनो तीच पायडले वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकला आणि जग त्या मार्गाने गेले. सुरुवातीच्या क्लीटमध्ये पाऊल एकाच कोनात जखडले जाई; थोडे फिरू देणाऱ्या क्लीट नंतर आल्या.

आज दुकानात त्या रंगांवरून ओळखतात, आणि येथे एक खोच आहे. ‘लूक किओ’ मध्ये काळी क्लीट शून्य अंश, करडी साडेचार व लाल नऊ अंश फिरू देते. ‘शिमानो’च्या रस्त्यावरील सायकलींच्या क्लीटमध्ये मात्र लाल म्हणजे शून्य, निळी दोन आणि पिवळी सहा अंश. मित्राच्या सांगण्यावरून ‘लाल’ मागणाऱ्याच्या पदरी नेमके उलटे काही पडू शकते. ज्यांना अडकविणारी पायडले हवीच आहेत, त्यांनी अधिक फिरू देणारी क्लीट घ्यावी व पकडीचा स्क्रू सुरुवातीस ढिला ठेवावा.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर पन्नाशीपुढील बहुतेकांना रुंद, सपाट, खडबडीत पायडल व कडक तळव्याचा बूट पुरे. आपल्या सिग्नलवर कोणत्या क्षणी पाय टेकावा लागेल याचा नेम नाही. बूट वेळेवर न सुटल्याने उभ्या सायकलवरून आडवे होणारे बहुधा नवशिके असतात. तरुण झटकून उठतो, साठीच्या गृहस्थाचे मनगट मोडते. गुडघा वाचवावयास जाऊन मनगट गमवावे असे काय अडले आहे?

मात्र प्रत्येक दुखणे पायडलच्या माथी मारू नये. वाटीच्या पुढे दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, किंवा जुबिली हिल्सचा चढ जड गिअरवर रेटला जात आहे. मागे दुखत असेल तर सीट फार वर आहे. आतल्या वा बाहेरच्या बाजूस दुखले, की पावलाच्या कोनाकडे प्रथम पाहावे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहावा. ओपीडीतला कोनमापक येथे उत्तम चालतो. जाड पायडल काढून पातळ बसविले, तर सीटही तितकीच खाली घ्यावी लागते, हे दुकानदार क्वचितच सांगतो. सांधाबदलानंतर गुडघा पुरेसा वाकत नसेल, तर नेहमीच्या १७० मिलिमीटरऐवजी आखूड क्रँकचा विचार करावा. पायडल वर येताना गुडघ्याला तेवढे कमी वाकावे लागते.

राहता राहिले जुने पायडल. सायकल पडली की त्याचा आस किंचित वाकू शकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण प्रत्येक फेऱ्यात पाऊल डुलते. पायडल बोटाने फिरवून पाहावे. डगमगले किंवा खरखरले तर जोडी बदलावी. घरीच बदलणार असाल तर आट्यांना ग्रीस लावा, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे ध्यानी असू द्या : ते घड्याळाच्या दिशेने सुटते.