शुश्रूषा करणाऱ्यांच्या जखमांचा हिशेब

गिरणीतील कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर तो अपघात होय हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. रक्त दिसते, यंत्र थांबते, मुकादम धावत येतो, चार साक्षीदार जागेवर असतात. रुग्णालयातला अपघात असा गाजावाजा करीत नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेच्या बोटात वापरलेली सुई शिरते. ती बोट नळाखाली धरते आणि पुढच्या खाटेकडे वळते. वॉर्ड झाडणाऱ्या मावशींना कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचते. त्या कोणाला सांगतही नाहीत, कारण बभ्रा झाला तर कंत्राटदार उद्या दुसरी बाई आणील अशी धास्ती असते. या टोचण्याचे परिणाम कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी प्रकट होतात. तोवर पुरावा म्हणून दाखवावे असे काही उरलेले नसते.

हा धोका काल्पनिक नव्हे. बाधित रक्ताने माखलेली सुई टोचली असता, लस न घेतलेल्या व्यक्तीला 'ब' प्रकारची कावीळ होण्याचा संभव शेकडा ६ ते ३० इतका मानला जातो. एचआयव्हीच्या बाबतीत तो हजारी सुमारे ३ आहे. त्यावर प्रतिबंधक औषधे आहेत. परंतु ती लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. क्षयरोगाच्या वॉर्डातील हवा, रुग्ण उचलून कायमची अधू झालेली कंबर आणि नातेवाइकांच्या संतापाचा मार यांची भर वेगळीच.

कायदा दुबळा नाही

आश्चर्य असे की, या बाबतीत आपला कायदा दुबळा नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा हा मुख्यतः कारखाना, खाण, रेल्वे आणि गोदी डोळ्यांपुढे ठेवून झाला. पुढे २००९ च्या दुरुस्तीने तो 'कर्मचारी नुकसानभरपाई कायदा' झाला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. या साऱ्या स्थित्यंतरात एक तरतूद टिकून राहिली आहे. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत, आरोग्यसेवेच्या वा प्रयोगशाळेच्या कामात जडणाऱ्या संसर्गजन्य रोगांचा स्पष्ट समावेश आहे. त्यासाठी अमुक महिने नोकरी झालेली असावी अशी अट नाही. इतकेच नव्हे, तर असा रोग जडल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तो कामामुळेच जडला असे कायदा गृहीत धरतो. म्हणजे पुराव्याचे ओझे मालकावर आहे. कंत्राटी कामगाराच्या बाबतीतही मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत.

मग घोडे अडते कोठे? ते नोंदीपाशी अडते. कायद्याचे गृहीतक फिरवायला मालकाला एवढेच म्हणावे लागते की, ही बाई आमच्याकडे येण्यापूर्वीच बाधित होती. त्याला उत्तर देण्यासाठी नोकरीत रुजू होतानाची तपासणी, टोचल्याच्या दिवशीची रक्ततपासणी आणि घटनेची तारीखवार नोंद हाती असावी लागते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे काम करणाऱ्यांसाठी रुजू होतानाची व पुढे दरवर्षीची तपासणी आणि 'ब' काविळीची व धनुर्वाताची लस सक्तीची केली आहे. परंतु त्याच नियमांतील 'मोठा अपघात' या संज्ञेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. कचऱ्याची गाडी उलटणे हा मोठा अपघात. सुई टोचणे त्यातून नाव घेऊन वगळलेले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ही वर्गवारी समजण्यासारखी आहे. तथापि तिचा परिणाम असा की, मावशींच्या हाताला टोचलेली सुई फार तर वार्षिक अहवालातील एक आकडा होते. त्या आकड्याचा त्यांना नुकसानभरपाई मागताना काडीचाही उपयोग नाही.

एका मृत्यूच्या दोन किमती

महासाथीच्या काळात या सेवकांविषयी आपल्याला उमाळा आला. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. आणि मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने करोनाशी झुंजणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांची विमा योजना जाहीर केली. ती योग्यच होती. पण तिच्या शेजारी नेहमीचा कायदा ठेवून पाहावा. मृत्यूबद्दलची भरपाई वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून काढतात, आणि त्यासाठी हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० मध्ये दरमहा १५,००० रुपये ठरवण्यात आली. चाळिशीतील परिचारिकेचा गुणक १८४.१७. तिचे वेतन ४०,००० असले तरी या मर्यादेने १५,०००च धरायचे, आणि रक्कम निघते १३ लाख ८१ हजार २७५ रुपये. म्हणजे वॉर्डातल्या क्षयरोगाने ती दगावली तर सुमारे १४ लाख, आणि करोनाने दगावली असती तर ५० लाख. घरातील पोरकी मुले दोन्हीकडे तीच.

शिवाय ती विशेष योजनाही सर्वांना सहजी लाभली नाही. नवी मुंबईत २०२० साली करोनाने मृत्यू पावलेल्या एका खासगी डॉक्टरांच्या पत्नीचा दावा, त्यांची सेवा सरकारने रीतसर अधिग्रहित केली नव्हती, या कारणाने नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये तोच निर्वाळा दिला. दवाखाने उघडे ठेवण्याचे हुकूम निघाले होते. नावानिशी पत्र मात्र नव्हते. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या काळचे कायदे व हुकूम पाहता अधिग्रहण झालेच होते असे ठरवले. करोनाच्या कामात मृत्यू आला एवढे प्रत्येक दावेदाराने दाखवावे, असे सांगितले. न्याय मिळाला, परंतु त्यासाठी पाच वर्षे लागली.

हल्ल्यांचा प्रश्न याहून कठीण. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या परिचारिकेवर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ती त्याच रुग्णालयात अचेतनप्राय पडून होती. सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी तिची जी सेवा केली तिला तोड नाही. तिच्या निमित्ताने देशात दयामरणावर मोठी चर्चा झाली. कामाच्या जागी घायाळ झालेल्या स्त्रीचा हक्क काय, ही चर्चा तेवढी झाली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. सुरक्षितता हवीच, पण ती मोडून पडल्यावर पुढे काय, हेही ठरले पाहिजे. कामावर असताना झालेला खून हाही कायद्याच्या अर्थाने 'अपघात' ठरू शकतो, हे तत्त्व न्यायालयाने २००० साली एका रिक्षाचालकाच्या प्रकरणात मान्य केलेले आहे.

करता येण्याजोगे

तेव्हा मागणे अवाजवी नाही. प्रत्येक रुग्णालयात, लहान खासगी शुश्रूषागृहातसुद्धा, इजांची नोंदवही असावी. त्याच दिवशी रक्ततपासणी व्हावी आणि दोन्हींची प्रत त्या कर्मचाऱ्याच्या हाती पडावी. कंत्राटी माणसाची नोंद कंत्राटदाराच्या वहीत न राहता रुग्णालयाच्या वहीत व्हावी. वेतनाची मर्यादा प्रत्यक्ष पगारांशी जुळती करावी. आणि ज्यांना आपण 'स्वयंसेविका' म्हणून कर्मचाऱ्याच्या व्याख्येबाहेर ठेवले, त्या आशाताईंना या संरक्षणात घ्यावे. वाडीवस्तीवरच्या क्षयरुग्णाच्या दारात पहिल्यांदा त्याच उभ्या राहतात.

यांतील नोंदवहीला तर नव्या कायद्याचीही गरज नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढावे आणि महापालिकांनी आपल्या रुग्णालयांपासून आरंभ करावा. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. वापरलेली सुई मात्र आज रात्रीही कोणाच्या तरी हाताला टोचणार आहे, आणि उद्या सकाळी तिची नोंद झालेली असावी.