रहस्यकथा कोणत्या व कशा वाचाव्या?

गेल्या सहामाही परीक्षेनंतर एक पालक मजकडे आले आणि त्यांनीं पिशवींतून एक जाड पुस्तक काढून माझ्या मेजावर ठेविलें. वेष्टणावर सुरा होता, सुऱ्यावरून रक्त ठिबकत होतें व मागें एक बाई किंचाळत होती. "मास्तर, हें आमच्या चिरंजिवांच्या उशीखालीं सांपडलें. अशानें पोरगा पुढें काय होणार?" असें त्यांनीं विचारिलें. मीं पुस्तक चाळलें व तें टाकाऊ आहे, असें त्यांस प्रांजळपणें सांगितलें, परंतु त्याच वेळीं कपाटांतून दुसरें एक पुस्तक काढून त्यांच्या हातीं दिलें व म्हटलें, "हेंही गुन्ह्याचेंच आहे. हें त्याला वाचूं द्या, आणि आधीं आपण वाचा." ते गृहस्थ चकित झाले. त्या दिवशीं घंटा झाल्यामुळें जें त्यांस नीट सांगतां आलें नाहीं, तें येथें लिहीत आहें.

चांगल्या रहस्यकथेंत गुन्हा निमित्तमात्र असतो. तिचा खरा विषय पुरावा. लेखक प्रत्येक खूण वाचकाच्या डोळ्यांपुढें ठेवितो, वाचक ती पाहतो, आणि तरीही ती त्यास दिसत नाहीं. उलगडा झाल्यावर मागचीं पानें उलटून "अरे, हें तर येथें लिहिलेंच होतें!" असें जें म्हणावयास लावितें तें पुस्तक चांगलें, "हें मला कोणी सांगितलेंच नव्हतें" असें जें म्हणावयास लावितें तें वाईट. रोनाल्ड नॉक्स नांवाच्या एका इंग्रज धर्मगुरूनें १९२९ सालीं अशा कथांचे दहा नियम अर्धवट थट्टेनें लिहून ठेविले. हेरानें स्वतःच गुन्हा करूं नये, भुताखेतांच्या साहाय्यानें तपास लागूं नये, हेरास सांपडलेली खूण वाचकापासून लपवूं नये, असे ते नियम आहेत. त्यांत एक विचित्र नियम असा कीं, कथेंत चिनी मनुष्य आणूं नये! ह्याचें कारण, त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत चिनी मनुष्य दिसला कीं तोच दुष्ट ठरलेला असे. चेहरा पाहून गुन्हेगार ठरवावयाचा, तर पुराव्याची गरजच काय?

ह्या कथांचा आरंभ अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो ह्यानें १८४१ सालीं केला, असें मानितात. त्याच्या कथा जड आहेत. नवशिक्यानें तेथून आरंभ करूं नये. आरंभ करावा तो सर आर्थर कॉनन डॉईल ह्यांच्या शेरलॉक होम्सपासून, आणि तोही लघुकथांपासून. 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' ह्या १८९२ सालच्या संग्रहांत बारा कथा आहेत. त्यांतील पहिल्याच कथेंत एक स्त्री होम्सवर मात करिते, हें वाचून आमच्या विद्यार्थिनींस विशेष आनंद होतो, असा माझा अनुभव आहे. दीर्घ कथांपैकीं 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही पावसाळ्याच्या सुटींत, शक्य तर कंदिलाच्या उजेडांत वाचावी.

होम्सच्या रीतीचें एक उदाहरण देतों. एवढें एकच गुपित मी फोडणार आहें. वाचकांनीं क्षमा करावी. 'सिल्व्हर ब्लेझ' ह्या कथेंत शर्यतीचा एक नामांकित घोडा रात्रीं तबेल्यांतून नाहींसा होतो. तबेल्यांत कुत्रा असतो. वर्गांत ही कथा अर्धी सांगून मी विचारितों, "कुत्र्यानें त्या रात्रीं काय केलें?" मुलें म्हणतात, "कांहींच नाहीं." तीच खूण! परका आला असता तर कुत्रा भुंकला असता. अर्थात् आलेला मनुष्य ओळखीचा होता. जें घडलें तें सर्वांस दिसतें. जें घडावयास पाहिजे असून घडलें नाहीं, तें पाहण्यास शिकावें लागतें. भूमितीच्या तासास ज्यांस जांभया येतात, तेच विद्यार्थी ह्या वेळीं बाकाच्या कडेवर येऊन बसतात.

ही विद्या केवळ कागदावरची आहे काय? नाहीं, आणि तिचा सर्वांत मोठा दाखला मुंबईच्या एका पारशी गृहस्थाच्या घरांतला आहे. शापुरजी एदलजी हे मुंबईचे. ते ख्रिस्ती झाले व पुढें इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांतील ग्रेट वर्ली ह्या खेड्याचे पाळक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज हा वकील होता. गांवांत रात्रीबेरात्रीं जनावरांचीं पोटें फाडण्याचे प्रकार सुरू झाले, निनावी पत्रें फिरूं लागलीं, आणि संशय ह्या सांवळ्या, एकलकोंड्या तरुणावर गेला. १९०३ सालीं एका तट्टास जखमी केल्याबद्दल त्यास सात वर्षांची सक्तमजुरी झाली. रात्रीं तो बापाच्याच खोलींत निजत असे व दार आंतून बंद असे, असें बापानें शपथेवर सांगितलें, तें व्यर्थ गेलें. तीन वर्षांनंतर त्यास सोडण्यांत आलें. परंतु दोषाचा डाग तसाच राहिला.

डॉईलसाहेब त्यास एका हॉटेलांत भेटावयास गेले. जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसला होता, आणि तें त्यानें डोळ्यांच्या अगदीं जवळ व किंचित् तिरकें धरिलें होतें. डॉईलसाहेब स्वतः डॉक्टर होते, नेत्ररोगांचेंही शिक्षण त्यांनीं घेतलें होतें. त्यांनीं दुरूनच ओळखिलें कीं, ज्यास भर दिवसा हातभर अंतरावरचें दिसत नाहीं, तो काळोख्या, पावसाळी रात्रीं रेल्वेचे रूळ ओलांडून व शेतांतून चालत जाऊन हें कृत्य करूं शकणार नाहीं. १९०७ च्या जानेवारींत त्यांनीं 'डेली टेलिग्राफ' पत्रांत सविस्तर लेख लिहिले. त्याच वर्षीं जॉर्जला माफी मिळाली व पुढें वकिलीही करतां आली. मात्र नुकसानभरपाईची एक पै मिळाली नाहीं. इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें स्वतंत्र न्यायालय त्याच सालच्या कायद्यानें स्थापन झालें, त्यास ह्या प्रकरणानें मोठें बळ दिलें. होम्सच्या सर्व कथा एका पारड्यांत व हें एक कार्य दुसऱ्या पारड्यांत घातलें, तर मला दुसरें पारडें जड वाटतें.

आतां त्या पुस्तकाकडे वळतों, जें मीं त्या पालकांच्या हातीं दिलें होतें. तें म्हणजे विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' ही १८६८ सालची कादंबरी. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईंत एक इंग्रज अधिकारी देवाचा हिरा लुटतो. पुढें तो हिरा यॉर्कशायरमधील एका घरांत मुलीच्या वाढदिवशीं येतो व त्याच रात्रीं नाहींसा होतो. कथा निरनिराळ्या माणसांनीं आपापल्या परीनें सांगितली आहे. त्यांतला म्हातारा कारभारी संकट आलें कीं 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून सल्ला घेतो. तो मला फार आवडतो. परंतु मनांत घर करिते ती रोझॅना नांवाची मोलकरीण. ती पूर्वीं चोरीबद्दल शिक्षा भोगून आलेली; म्हणून हिरा जातांच सर्वांचे डोळे तिच्याकडे वळतात.

हें प्रकरण मला निर्विकारपणें वाचवत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं, एका दुसऱ्या गांवीं, ग्रंथालय माझ्याकडे असतांना ह्याच पुस्तकाची प्रत हरवली. एका मुलानें आधीं एकदां दुसरें पुस्तक दोन महिने परत केलें नव्हतें. मीं त्यासच धरिलें. त्यानें "मीं घेतलें नाहीं" एवढेंच सांगितलें. तो रडला नाहीं, हा मीं त्याचा निर्ढावलेपणा मानिला. त्याच्या आईस बोलाविलें. ती एक दिवसाची मजुरी बुडवून आली व माझ्या मेजापुढें उभी राहिली. मीं तिला बसावयास सांगितलें नाहीं. पंधरवड्यानें तें पुस्तक आमच्या घरीं, बाजाच्या पेटीवर, उपासनासंगीताच्या पुस्तकांखालीं सांपडलें. मींच तें तेथें ठेविलें होतें. मी त्या मुलाच्या घरीं जाऊन क्षमा मागून आलों. आईनें चहा केला. मुलगा बाहेर खेळावयास गेला होता, कीं मी येतांना दिसल्यामुळें गेला होता, हें मला अद्यापि कळलेलें नाहीं.

पुढचीं पुस्तकें थोडक्यांत सांगतों. जी. के. चेस्टरटन ह्यांचा फादर ब्राउन हा बुटका, विसराळू धर्मगुरु १९११ च्या 'इनोसन्स ऑफ फादर ब्राउन' ह्या संग्रहांत भेटतो. तो पावलांचे ठसे मोजीत बसत नाहीं; आपण स्वतः हें पाप केलें असतें तर कसें केलें असतें, असें तो मनाशीं विचारितो. पहिल्या कथेंत ज्या चोरास तो पकडून देतो, तोच पुढें सुधारून त्याचा मित्र होतो. अगाथा ख्रिस्ती ह्या बाईंनीं पहिल्या महायुद्धांत रुग्णालयाच्या औषधखान्यांत काम केलें, म्हणून त्यांच्या कथांतील विषप्रयोग इतके बिनचूक असतात. त्यांची 'मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) पहिल्यानें वाचूं नये. चार इतर वाचून खोड लागल्यावर वाचावी, म्हणजे आपण कसे फसलों हें समजेल.

आपल्या देशांतही ही परंपरा आहे. बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय हे १९३८ सालीं चित्रपटांसाठीं मुंबईस आले, पुढें पुण्यास राहिले व १९७० पर्यंत तेथेंच लिहीत होते. त्यांचा ब्योमकेश बक्षी स्वतःस हेर म्हणवीत नाहीं, 'सत्यान्वेषी' म्हणवितो. लहान मुलांसाठीं सत्यजित राय ह्यांचा फेलुदा उत्तम. त्याच्या एका कथेंत वेरुळच्या कैलास लेण्याची पार्श्वभूमि आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर बहुतेकांनीं वाचलेलाच असेल. बाबुराव अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत पुराव्यापेक्षां धांवपळ अधिक, असें माझें मत आहे. तरी झुंजार व काळा पहाड ह्यांनीं मलाही लहानपणीं रात्रीं जागविलें, हें नाकारून कसें चालेल?

आपल्या ग्रंथालयांत ह्यांपैकीं बहुतेक पुस्तकें आहेत. 'मूनस्टोन'ची मात्र एकच प्रत आहे, व ती आठ दिवसांत परत करावी. तिच्या पहिल्या पानावर कोणीतरी पेन्सिलीनें चोराचें नांव लिहून ठेविलें होतें. तें मीं खोडून टाकिलें आहे. तथापि पान उजेडापुढें धरिल्यास अक्षरें दिसतात, सबब धरूं नये. तें कोणीं लिहिलें, ह्याचा तपास मीं केलेला नाहीं.