पुन्हा ऐकताना – भाग ६ : फोर्टमधली सनई, लंडनची तबकडी

मानोरा तालुक्यात सनई आणि पखवाज कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. एक लग्नघरातली, दुसरा हरिपाठातला. गावोगावी त्याला मृदंग म्हणतात. शिवाय पोहरादेवीचा नंगारा आहेच. त्यामुळे जॉर्ज हॅरिसनची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही १९६८ ची तबकडी इथल्या एखाद्या कीर्तनाच्या श्रोत्याला ऐकवली, तर पहिल्याच तुकड्यात त्याला सनई ओळखू येईल. लंडनच्या श्रोत्याला मात्र ती अनोळखी होती. या तबकडीच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचं बरंचसं कारण तिथेच आहे.

हॅरिसन बीटल्सचा गिटारवादक. चौघांपैकी कुणीही काढलेली ही पहिली स्वतंत्र तबकडी, आणि बीटल्सच्या ॲपल रेकॉर्ड्सचीही पहिली एलपी. ब्रिटनमध्ये ती १ नोव्हेंबर १९६८ ला निघाली. तीनच आठवड्यांत, २२ नोव्हेंबरला बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ आला आणि सगळ्यांचे कान तिकडे वळले. ‘वंडरवॉल’ अमेरिकेच्या विक्रीयादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत गेली. ब्रिटनच्या यादीत तिला जागाच मिळाली नाही. चित्रपटाचं पार्श्वसंगीत, तेही तुकड्यातुकड्यांचं, अशी तिची नोंद झाली आणि ती तशीच राहिली. तिचं नाव १९९५ मध्ये ओएसिसच्या गाण्यामुळे जगभर पोचलं, पण ते गाणं ऐकणाऱ्या फारच थोड्यांनी मूळ तबकडी लावून पाहिली असेल.

तुकडे का, हे समजून घ्यायला हवं. दिग्दर्शक जो मॅसॉट यांचा ‘वंडरवॉल’ हा चित्रपट एका एकलकोंड्या शास्त्रज्ञाचा आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारा हा माणूस भिंतीच्या भोकातून शेजारच्या मॉडेल मुलीचं आयुष्य न्याहाळू लागतो. संवाद फार कमी, त्यामुळे सगळा भार संगीतावर. हॅरिसनने स्टॉपवॉच हातात धरून एकेक प्रसंग मोजला आणि तेवढ्याच लांबीचं संगीत केलं. म्हणून एका तबकडीवर तब्बल १९ तुकडे, आणि त्यातले कित्येक दोन मिनिटांच्या आतले.

यातला पाश्चात्त्य वाद्यांचा भाग लंडनमध्ये झाला. भारतीय भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. तिथे एकाच ट्रॅकवर मुद्रण करणारं यंत्र होतं. कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. खोली रस्त्याच्या आवाजाला पुरेशी बंद नव्हती. कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांच्या आवाजाने काम थांबवावं लागे. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले.

वादकांची यादी हा या तबकडीचा खरा ऐवज आहे. सरोदवर आशिष खाँ, म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू. संतूरवर शिवकुमार शर्मा. तबला आणि पखवाज महापुरुष मिश्रांचा. विनायक व्होरांची तारशहनाई, म्हणजे भोंगा जोडलेलं इसराजच्या जातीचं गजवाद्य, सूरबहारवर चंद्रशेखर, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद, बासरीवर एस. आर. केंकरे. सनईच्या पुढे आहे हनुमान ‘जादेव’. इंग्रजी अक्षरांत छापलेल्या या आडनावात मराठी वाचकाला ‘जाधव’ दिसल्यावाचून राहत नाही. त्या काळात परदेशी तबकडीवर भारतीय साथीदार अनेकदा निनावीच राहत. हॅरिसनने वेष्टनावर सगळी नावं छापली. स्पेलिंगं चुकली, पण माणसं हरवली नाहीत.

आता २०१४ कडे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हॅरिसनच्या १९६८ ते १९७५ या काळातल्या सहा तबकड्या एकत्र संचात पुन्हा निघाल्या. मुलगा धनी हॅरिसन याच्या देखरेखीखाली जुन्या मूळ टेपवरून नव्याने मास्टरिंग झालं. ‘डिलक्स’ म्हटलं की सहा-सहा डिस्कचे जाडजूड खोके डोळ्यांपुढे येतात. इथे मूळ १९ तुकड्यांच्या शेवटी फक्त तीन जास्तीचे आहेत. तरीही, या मालिकेत आतापर्यंत पाहिलेल्या पुनर्प्रकाशनांपैकी एवढ्या थोड्या भरीने एवढा मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच तबकडीत पडलेला नाही.

पहिली भर लिव्हरपूलच्या रेमो फोर या वाद्यवृंदाच्या गाण्याची. गाणं चांगलं आहे. चित्रपट पुन्हा नीट करताना ते सापडलं होतं. त्याच्यापाशी फार रेंगाळायचं कारण नाही.

दुसरी भर आहे ‘ऑलमोस्ट शंकरा’. नावाप्रमाणे शंकरा रागाच्या वाटेने जाणारा, सुमारे पाच मिनिटांचा तुकडा. इथे घड्याळ सैल सुटलं आहे. मूळ तबकडीवरची ‘गत किरवानी’ जेमतेम सव्वा मिनिटाची. सरोद आणि सतार वेगात येतात आणि रंग चढतो न चढतो तोच दार बंद होतं. ‘तबला अँड पखवाज’ची तीच गत, मिनिटभराचा ऐवज. ऐकणाऱ्याला वाटायचं, हॅरिसनला या संगीताची चव होती पण पोच नव्हती. ‘ऑलमोस्ट शंकरा’ ऐकल्यावर हे मत टिकत नाही. चित्रपटाने जेवढं मागितलं त्यापेक्षा जास्त त्या खोलीत वाजलं होतं, आणि ते ऐकून मग ‘गत किरवानी’कडे परत गेलं की तिच्या तुटकपणातही मोठ्या मैफलीची चाहूल लागते.

या पार्श्वभूमीवर ‘लव्ह सीन’ पुन्हा ऐकावा. त्यात दोन सरोद एकमेकांशी बोलतात आणि दोन्ही आशिष खाँचेच आहेत. आधी वाजवलेल्या स्वतःच्या सुरावटीला त्यांनी दुसऱ्या खेपेत उत्तर दिलं आहे. मैफलीत सवालजवाब होतो तो समोरच्या माणसाशी. इथे तो टेपशी झाला. प्रयोग म्हणायचं तर याला म्हणावं. ‘ड्रीम सीन’ जास्त गाजला, कारण त्यात उलट्या फिरवलेल्या टेप आणि एकावर एक चढवलेले आवाज आहेत, आणि ‘व्हाइट अल्बम’वरच्या ‘रेव्होल्यूशन ९’च्या काही महिने आधीचं हे काम आहे. पण टेपची ही करामत युरोपातल्या संगीतकारांनी आधीच केली होती. घराण्याच्या तालमीतला सरोदिया टेपसमोर स्वतःशीच जुगलबंदी करतो, ही गोष्ट त्याहून दुर्मीळ.

सगळंच उंच आहे असं नाही. ‘काउबॉय म्युझिक’ किंवा ‘पार्टी सीकूम’ हे पडद्यावरच्या चित्राशिवाय उघडे पडतात, आणि नव्या मास्टरिंगने त्यांत जीव येत नाही. फायदा झाला तो सनई, तारशहनाई आणि पखवाजाचा. ‘क्राइंग’मधली तारशहनाईची कळ आता गजाच्या घर्षणासकट ऐकू येते.

तिसरी भर सर्वांत मोलाची. फोर्टातल्या त्याच बैठकांत हॅरिसनने आणखी एक सुरावट मुद्रित केली होती. लंडनला नेऊन त्याने फेब्रुवारीत तिच्यावर आपला आवाज चढवला आणि १५ मार्च १९६८ ला ‘लेडी मॅडोना’च्या दुसऱ्या बाजूला ती ‘द इनर लाइट’ म्हणून निघाली. तिचे शब्द चीनच्या ‘ताओ ते चिंग’वर बेतलेले, ते पुस्तक केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी त्याला सुचवलं होतं. बीटल्सच्या तबकडीवर हॅरिसनची रचना दुसऱ्या बाजूला येण्याची ही पहिलीच वेळ, आणि तिच्यातलं प्रत्येक वाद्य मुंबईचं.

२०१४ च्या आवृत्तीत या सुरावटीची निराळी, गायनाविना घेतलेली फेरी आहे. सुरुवातीला वाद्यं नाहीत, बोलणं आहे. चोविशीतला हॅरिसन वादकांना काहीतरी समजावतो आहे, कुठून कसं घ्यायचं ते ठरतं आहे. तालमीला बसलेल्या कुठल्याही भजनी मंडळात चालते तशीच ही कुजबुज. मग बोलणं थांबतं, आणि हार्मोनियम, सनई, बासरी एकापाठोपाठ एक आपापली जागा घेतात.

पुढच्या आठवड्यात : याच संचातली ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’.